माठ आणि मोटर

मे महिन्यातली सकाळ, साडेसातचा सुमार. पूर्व नागपुरातल्या एका गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली तीन माठ मांडलेले. खाली वाळूचा थर, भोवती ओलं गोणपाट, तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं आणि त्यावर लाकडी झाकण. शेजारी लांब दांड्याचं ओगराळं, साखळीला बांधलेले दोन स्टीलचे पेले. मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं गाडगेबाबांच्या दशसूत्रीतली ओळ लिहिलेली, ‘तहानलेल्यांना पाणी’, आणि खाली घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचं नाव. पहाटेची दोन घरची भांडी आटोपून घरी निघालेली एक बाई तिथं थांबली. पिशवीतून तिनं कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या काढल्या. घरच्या काकू माठच भरत होत्या. ‘काकू, ह्या दोन भरून नेऊ का? आमच्याकडं तीन दिवस झाले, नळाला धारच नाही.’ काकूंनी तिच्या हातून बाटली घेतली, ओगराळं बुडवलं आणि म्हणाल्या, ‘भर न बाई. अन् विचारून काय राहिली? पाण्याला कोणी नाही म्हणते का?’ त्यांच्या आवाजात खरी माया होती. फाटकाच्या आत, उपड्या प्लास्टिकच्या क्रेटखाली, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर घुमत होती. तिचा ओढणारा पाईप सरळ महापालिकेच्या नळाला जोडलेला होता, आणि तिच्या दुसऱ्या तोंडातून आलेल्या पाण्यानंच माठ भरले जात होते.

बाटल्या घेऊन ती बाई गल्लीच्या टोकाकडं वळली. ती त्याच लाईनवर राहते.

हे दृश्य काही केल्या मनातून जात नाही. त्याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं, पण तसं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ते माठ कसे राखले जातात हे दिसत असतं. माठाची पाणपोई, आपल्याकडच्या बोलीत प्याऊ, चालवणं हे कष्टाचं काम आहे. नवा माठ आणला की दोन-तीन दिवस पाणी भरून ते ओतून द्यावं लागतं, नाहीतर मातीचा वास आणि भुकटी पाण्यात उतरते. रोज सकाळी आतून नारळाच्या शेंडीनं घासायचा. साबण लावायचा नाही, कारण तो भाजलेल्या मातीच्या छिद्रांत शिरतो आणि पुढचे कित्येक दिवस पाण्याला त्याची चव राहते. माठ गार करतो तो त्याच छिद्रांमुळं. पाणी पाझरून पृष्ठभागावर येतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नागपूरचा मे कोरडा, म्हणून इथला माठ मुंबईच्या माठापेक्षा कितीतरी गार. एक-दोन उन्हाळे झाले की पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बाहेरून दिसू लागतो, छिद्रं बुजतात, माठ ‘मरतो’. मग नवा आणावा लागतो. गोणपाट दिवसातून तीन-चारदा भिजवायचं, पेला थेट आत बुडवू द्यायचा नाही, संध्याकाळी उरलेलं पाणी झाडाला घालायचं. हे सगळं काकू स्वतः करतात, मेअखेरच्या सगळ्यांत कडक उन्हाच्या, नवतपाच्या नऊ दिवसांतही करतात. २०१३ च्या मे महिन्यात या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत. अशा दुपारी सायकल रिक्षावाल्याला, कुरिअरच्या पोराला, गिट्टी वाहणाऱ्या बायांना त्या पाण्यानं काय दिलं असेल ते त्यांनाच ठाऊक. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घडा देणारी आपली माणसं आहेत. पाणी देण्यात पुण्य आहे हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

आणि तरीही ती मोटर.

टिल्लू पंप, म्हणजे नळाला थेट जोडलेली ही छोटी मोटर, नागपुरात कोणाला सांगायला नको, पण तो नेमकं काय करतो हे बहुतेक घरांना माहीत नसतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो आपल्या बाजूच्या पाईपातला दाब कमी करतो, आणि मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पंपाकडं ढकलतो. समुद्रसपाटीला हा हवेचा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो; नागपूर तीनशे मीटरच्या वर, म्हणून इथं जरा कमी. साधा घरगुती पंप त्यातला सहा-सात मीटर तरी वापरतो. म्हणजे रस्त्यातल्या लाईनला स्वतःचा दाब उरलेला नसेल तरी हा पंप तिला रिकामी करत राहतो. घरगुती कनेक्शन अर्ध्या इंचाचं असतं. मुख्य लाईनवर आवळलेला पट्टा, म्हणजे सॅडल, त्यात पितळेचं फेरूल, तिथून निळा पाईप मीटरपर्यंत. फेरूलचं छिद्रच असं ठेवलेलं असतं की लाईनच्या दाबावर प्रत्येक घराला साधारण सारखी धार मिळावी. म्हणजे गल्लीतल्या घरांमधली वाटणी त्या पितळेच्या छोट्या तुकड्यात ठरवून दिलेली असते. मोटर ती मोडते. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर दोन तास चालली तरी जेमतेम एक युनिट वीज लागते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका गल्लीत चोवीस घरं धरा. लाईनीतून मिनिटाला दोनशे लिटर पाणी येतं आणि नळ सहा ते आठ असतात असं धरा. दोन तासांत चोवीस हजार लिटर, घरटी हजार. पाच माणसांच्या घराला, माणशी १३५ लिटर या नगर पाणीपुरवठ्याच्या नेहमीच्या मापानं, ६७५ लिटर लागतात. म्हणजे पाणी पुरतं. कूलर धरूनही पुरतं, आणि मोठा कूलर मेमध्ये तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. आता पहिल्या आठ घरांनी मोटर लावली. अर्ध्या इंचाच्या पाईपातून मोटर मिनिटाला वीस ते पंचवीस लिटर खेचते. आठ घरांचे झाले एकशे साठ ते दोनशे. उरलेल्या सोळा घरांच्या नळाला फुसफुस येते. ही आठ घरं अर्ध्या-पाऊण तासात टाक्या भरून मोटर बंद करतील आणि मग टोकाला पाणी जाईल, असं वाटतं. तसं होत नाही. टाकी भरली की अंगण धुतलं जातं, गाडी धुतली जाते, कूलर भरला जातो, फाटकासमोरचा रस्ता शिंपडला जातो, आणि प्याऊचे माठ भरले जातात. जे हाताशी भरपूर असतं त्याला कामं सापडतात.

मग नववं घर मोटर लावतं. त्याचा राग रास्त असतो. दहावं लावतं, पंधरावं लावतं, कोणी अर्ध्याच्या जागी एक हॉर्सपॉवरची लावतं. शेवटी सगळ्याच घरांनी लावली की वाटणी पुन्हा पहिल्यासारखी होते, फक्त आता प्रत्येक घर त्यासाठी वीज जाळतं आणि ज्याला मोटर परवडत नाही तो कायमचा बाहेर राहतो. मोटरी नव्हत्या तेव्हा जे पाणी येत होतं तेवढंच पाणी येतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या नवेगाव खैरीहून किंवा कन्हानहून एक लिटरही वाढून आलेलं नसतं.

यातलं सगळ्यात वाईट, टोकाच्या घरात घडतं. तिथल्या नळाखाली सकाळी सहाला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, लावून बसलेल्या बाईनं तोटी उघडली की आधी सूं असा आवाज येतो. बोट लावून पाहिलं तर नळ बोट ओढून धरतो. द्यायच्या तोंडानं तो घ्यायला लागलेला असतो. तिनं नळाला रबरी नळी लावली असेल आणि नळीचं टोक कालच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत बुडालेलं असेल, तर ती बादली हळूहळू रिकामी होते. साबणाचं, बाळाच्या लंगोटांचं पाणी नळातून उलटं चढतं, निळ्या पाईपातून लाईनीत जातं आणि ज्या घराची मोटर सगळ्यात जोरात ओढते त्या घराकडं निघतं. पाणीपुरवठ्याची कामं करणारे याला बॅक-सायफन म्हणतात. मीटरजवळ एनआरव्ही, म्हणजे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असेल आणि त्याच्या पडद्यात रेतीचा कण अडकलेला नसेल, तरच हे थांबतं. जुन्या कनेक्शनात तो बहुधा नसतो. जिथं जुने लोखंडी पाईप नालीच्या पोटातून गेलेले आहेत आणि गंजून त्यांना टाचणीएवढी भोकं पडली आहेत, तिथं तर बादलीचीही गरज नाही. लाईनीत दाब असतो तेव्हा त्या भोकातून स्वच्छ पाणी बाहेर गळतं. मोटर लाईनीत पोकळी करते तेव्हा तेच भोक नालीतलं पाणी आत घेतं. जो हवेचा दाब पाण्याला मोटरकडं ढकलतो तोच नालीलाही आत ढकलतो. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. चोवीस तास दाब असलेल्या लाईनीत घाण शिरत नाही याचं कारण इतकंच, की तिथं पाणी सतत बाहेर जाऊ पाहत असतं. धरमपेठेत चोवीस तास पाण्याचा प्रयोग पहिल्यांदा झाला तेव्हा त्याचा खरा फायदा सोयीपेक्षा हा होता. आजही शहरात काही वस्त्यांना अखंड दाब आहे आणि काहींना दिवसातले थोडे तास, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पाण्यात क्लोरीन असतं ना, असं विचारलं जातं. असतं. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन असावं हे भारतीय मानक आहे. ते क्लोरीन पाईपातल्या किरकोळ जंतूंना पुरतं. नालीचं पाणी शिरलं की त्यातली सेंद्रिय घाण ते काही क्षणांत खाऊन टाकते आणि मग पुढच्या पाण्याला राखणदार उरत नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून आलेलं होतं. तो विषाणू पुढं हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जीवघेणा ठरतो. आणि त्याची एक गोष्ट या विषयाशी फार जवळून जोडलेली आहे: पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. मेमधलं पाणी जूनमध्ये किंवा जुलैमध्ये डोळे पिवळे करतं. तोवर पाऊस आलेला असतो, नळाला बरी धार असते, मोटर क्रेटखाली शांत असते. डॉक्टर विचारतात, बाहेरचं काही खाल्लं होतं का. घरचे आठवतात, हो, पाणीपुरी खाल्ली होती. त्या सकाळच्या मोटरीचं नाव कोणाच्या ओठावर येत नाही.

इतक्या लांबून आलेलं पाप आपलं वाटत नाही.

मला वाटतं, गोम इथंच आहे. दिलेलं पाणी दिसतं. पेला घेतलेला हात दिसतो, घशाची घाटी हलताना दिसते, ‘देव भलं करो’ असं ऐकू येतं. घेतलेल्या पाण्याला तोंड नसतं. ते पाईपातून येतं, मीटरमधून येतं, त्याचं बिलही भरलेलं असतं, त्यामुळं ते आपलंच आहे असं प्रामाणिकपणं वाटतं. टोकाच्या घरातला सूं आवाज गल्लीच्या तोंडाशी येत नाही. आपल्या मनात पुण्याची वही असते आणि तिच्यात दिलेल्याच्या नोंदी नीट होतात. घेतलेल्याचा रकाना तिच्यात आखलेलाच नसतो. भाषासुद्धा मदत करते. ‘मोटर लावली’ असं आपण म्हणतो, जसं ‘दिवा लावला’, ‘झाड लावलं’. कोणी ‘पाणी चोरलं’ म्हणत नाही. ‘लावणं’ हे फार घरगुती, फार सालस क्रियापद आहे.

आणि ही गल्ली काही नीतीपासून दूर राहणारी नाही. या शहरात हजारो घरांत सकाळी पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं दुसरं शील, ‘अदिन्नादाना वेरमणी’, न दिलेलं न घेण्याचं आहे. ते नुसतं ‘चोरी करू नका’ यापेक्षा बारीक आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत, बिल भरून, पण आपल्या वाट्याला न दिलेलं घेणंही त्यात येतं. जैन घरांत तेच अदत्तादान म्हणून ओळखीचं आहे. इथून पंचाहत्तर किलोमीटरवर सेवाग्रामला गांधींच्या एकादश व्रतांत अस्तेय आणि असंग्रह दोन्ही येतात, आणि गरजेहून जास्त घेणं ही चोरीच असा त्यांचा अर्थ गांधींनी स्वच्छ सांगितला होता. वैदर्भीय माणसाला हे सगळं पाठ आहे. पाठ असलेली ओळ अंगणातल्या पाईपापर्यंत का पोहोचत नाही, याचं उत्तर मला तरी असं दिसतं की आपण ती ओळ मोठ्या पापांसाठी राखून ठेवतो. दरोडा, लाच, घोटाळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबत, म्हणजे वाईटाला घालवायला काढलेली बाहुली, निघते, १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी, आणि तिच्यासोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, दरवर्षी भ्रष्टाचार, महागाई, साथीचे रोग लिहिलेले असतात. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणताना गळा दाटून येतो, तो खोटा नसतो. पण बडग्या नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो, आणि मिरवणूक नेहमी गल्लीबाहेर निघते.

‘सगळेच लावतात’ हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. त्यात अर्धं सत्य आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला दोन तासांत खालून बादल्या वाहता येत नाहीत. तीन मजली घराला नळाशी सतरा मीटर दाब हवा असं पाणीपुरवठ्याचं शास्त्र सांगतं. लाईनीत सात मीटर असेल तर पाणी वर चढणारच नाही. ज्याला टँकर परवडत नाही आणि बोअर आटली आहे, त्यानं काय करायचं? पुरवठा कमी आणि असमान असेल तर शेजारी शेजाऱ्याशी झगडतो, आणि पुरवठा नीट करणं ज्यांच्या हाती आहे त्यांना कोणी जाब विचारत नाही. हेही खरं. तरीही ज्यांच्या घरी मोटर नसली तरी सहज भागलं असतं, अशी पहिली आठ घरं प्रत्येक गल्लीत असतात, आणि सुरुवात तिथूनच होते. लाईनीच्या तोंडाशी असलेल्या घराला मुळात दाब जास्त असतो. त्यालाच मोटरीची घाई सगळ्यांत जास्त का, याचं मला नीटसं उत्तर सापडत नाही.

उपाय अवघड नाही, आणि तो ठाऊक नाही असंही नाही. नळाचं पाणी आपल्या पायानं येऊ द्यायचं, म्हणजे रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली टाकं बांधायचं. पाच माणसांच्या घराला हजार लिटरचं पुरतं. नळाचा पाईप टाक्यात वरून सोडायचा आणि त्याचं तोंड पाण्याच्या सर्वांत उंच पातळीच्या दोन-तीन इंच वर राहील असं पाहायचं. या मोकळ्या हवेच्या अंतरामुळं टाक्यातलं पाणी कधीही उलटं लाईनीत जाऊ शकत नाही. तोंडाला बॉल कॉक, म्हणजे टाकं भरलं की पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ. मोटर बसवायची ती टाक्यातून छतावरच्या टाकीसाठी. तीच मोटर, तेवढीच वीज, फक्त ओढणारा पाईप लाईनीतून काढून टाक्यात सोडायचा. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम, टाकं आधीच असेल तर. चुकतं ते इथं: टाक्याचं तोंड अंगणाच्या बरोबरीला ठेवतात, मग पहिल्या पावसात अंगणाचं पाणी आत जातं, ते किमान सहा इंच उंच हवं. टाकं शोषखड्ड्याच्या बाजूला खोदतात. बॉल कॉकमध्ये रेती अडकते, तो पूर्ण बंद होत नाही आणि पाणी रात्रभर वाहतं. महिन्यातून एकदा दांडी हातानं उचलून पाहायची. वर्षातून दोनदा टाकं रिकामं करून घासायचं. साठवलेल्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते, आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी घालायचं आणि तासभर थांबायचं. उघड्या पुडीतली पावडर महिन्याभरात निकामी होते; तिचा उग्र वास गेला असेल तर ती टाकून द्यायची.

टाक्यात पाणी सावकाश भरतं. हीच अडचण सांगितली जाते. दाब कमी असला की दोन तासांत पाचशे-सहाशे लिटरच येतात. पण ते पाचशे-सहाशे म्हणजेच आपला वाटा असतो. आपल्या वाट्याला नेमकं किती आहे हे मोटर लावलेल्या घराला कधी कळतच नाही. टाक्यात पडणाऱ्या धारेकडं पाहत बसलं की पहिल्यांदा कळतं. बारीक धारेचा तो आवाज, टाक्याच्या भिंतीवर घुमणारा, ऐकायला मन लागतं.

आणखी एक गोष्ट त्या प्याऊशी दिसते, आणि ती विसरता येत नाही. साखळीच्या त्या दोन पेल्यांनी सगळे पितात. रिक्षावाला, पोस्टमन, गटार साफ करणारा, काकूंचा नातू. महाडला २० मार्च १९२७ ला जे घडलं त्यानंतर एवढं तरी या देशात पुष्कळ ठिकाणी साधलं आहे, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीकडं जाणाऱ्या लाखोंना रस्त्यारस्त्यावर पाणी देणारं हे शहर आहे. त्याच गल्लीतल्या कितीतरी घरांत मात्र कामाच्या बाईचा चहाचा कप खिडकीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असतो. रस्त्यावर सगळ्यांचा पेला एक आणि आत एकीचा कप वेगळा. मोटरही आतच असते, क्रेटखाली. चवदार तळ्यावर माणसं भर दिवसा, ओळीनं, सगळ्यांदेखत पाण्यापाशी गेली होती. मोटर पहाटे साडेपाचला सुरू होते, नळ यायच्या आधी, लाईनीत आलेलं पहिलं पाणी धरायला. उन्हाळ्यात महापालिकेचं पथक टिल्लू पंप जप्त करत फिरतं तेव्हा गल्लीत आधी फोन येतो, पाईपाची युनियन, म्हणजे जोडणी, खोलली जाते आणि मोटर पोत्यात गुंडाळून पलंगाखाली जाते. जे लपवावं लागतं ते काय आहे हे हातांना माहीत असतं. तोंडाला ते सांगायची वेळ येत नाही, एवढंच.

त्या सकाळी काकूंनी दुसरी बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, पदरानं बाहेरचं पाणी पुसलं आणि बाईच्या हातात दिली. ‘संध्याकाळी पुन्हा ये, गार असते.’ बाईनं मान हलवली. दोन लिटर पाणी होतं ते. तिच्या घरी चार माणसं. ती गल्लीतून चालत गेली, पाचव्या घरावरून, नवव्यावरून, प्रत्येक फाटकामागं तोच घुमणारा आवाज, कुठं पातळ, कुठं खरखरीत, जिथं लाईन रिकामी होऊन मोटर हवा खात होती तिथं गिट्टी हलल्यासारखा. वळणावर तिचं घर. दारात नळ, नळाखाली पितळेचा गुंड, तोंडावर पालथी घातलेली ताटली. बाटल्या चौकटीत ठेवून तिनं आधी तोटी उघडून पाहिली, तोटीला तळहात लावला आणि तसाच धरून उभी राहिली. आठ वाजायला आले होते. गल्लीच्या तोंडाशी खट् असा आवाज होऊन मोटर बंद झाली, आणि तिच्या तळहाताची ओढ सुटली.